मुंबई–न्यूयॉर्क: साडेपाच तास, चौदा तास की सोळा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. थेट विमान आहे. १६ जानेवारीला मुंबईहून १:३० ला सुटतं आणि त्याच दिवशी ७:०० ला न्यूयॉर्कला पोहोचतं. परतीचं १५ एप्रिलला न्यूयॉर्कहून ११:३० ला, आणि दुसऱ्या दिवशी ११:०० ला मुंबई. घड्याळाप्रमाणे जाताना साडेपाच तास, येताना साडेतेवीस. इंटरनेटवर अंतर १२,५३० किलोमीटर दिसतं, विमान ताशी ९०० नं जातं, म्हणून तुमच्या गणितानं दोन्हीकडे चौदा तास. यातलं खरं काय, आणि बाबांच्या गोळ्यांच्या वेळा कशावरून ठरवायच्या?

माझी नोकरी फ्लाइट डिस्पॅचमधली. एकतीस वर्षं लांब पल्ल्याच्या विमानांचे फ्लाइट प्लॅन काढले. कुठल्या वाटेनं जायचं, किती इंधन भरायचं, किती वेळ लागेल, हे कागदावर आणून वैमानिकाच्या हातात द्यायचं, एवढंच काम. तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही अंतर विचारलंत, पण तुम्हाला हवेत ते तास: दोघं खुर्चीत किती वेळ बसणार, आणि सांगलीच्या दारातून एडिसनच्या दारात पोहोचायला किती. तास काढायला अंतर लागतच नाही, तिकीट पुरतं. जाताना १६ तास, येताना १४.

कसं ते बघा. आमच्या खात्यात कुणी स्थानिक वेळ बोलत नाही. सगळं ‘झुलू’मध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे. १६ तारखेचे रात्रीचे १:३० म्हणजे झुलूमध्ये १५ तारखेचे २०:००. न्यूयॉर्कचे सकाळचे ७:०० म्हणजे १६ तारखेचे १२:००. वीसपासून दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत सोळा तास. झालं.

परतीला मात्र बहुतेकांचं चुकतं, आणि तुमचंही चुकलं असतं. घड्याळातले साडेतेवीस तास, त्यातून जानेवारीचाच साडेदहा तासांचा फरक वजा केला तर तेरा उरतात. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क झुलूच्या चारच तास मागे असतं. म्हणजे ११:३० ला सुटलेलं विमान झुलूमध्ये १५:३० ला सुटतं. मुंबईचे ११:०० म्हणजे ५:३०. हिशेब चौदा तासांचा येतो. दोन्ही वेळा आधी झुलूत न्यायच्या आणि मग वजाबाकी करायची. ‘इकडे साडेदहा मिळवा, तिकडे साडेदहा घटवा’ असं तोंडी करणारी हुशार माणसं मी वर्षानुवर्षं चुकताना पाहिली आहेत.

आता तुमचे चौदा तास कुठे गेले, ते बघू. तुमचा आकडा निराधार नाही, फक्त त्यात तीन-चार गोष्टी धरायच्या राहिल्यात.

पहिलं अंतरच घ्या. १२,५३० हे येतं कुठून? प्रत्येक विमानतळाला अक्षांश-रेखांश असतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचं जे विमानतळ तुमच्या तिकिटावर आहे, ते केनेडी, ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. गंमत अशी की दोन्ही शहरांच्या रेखांशाचा आकडा जवळपास सारखाच, त्र्याहत्तरच्या आसपास. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. म्हणून दोघांमधला फरक बेरजेनं निघतो: १४६.६५ अंश. पुढे शाळेतली त्रिकोणमिती. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवायचा. उत्तर येतं उणे ०.३८६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन ११२.७ अंश. पृथ्वीच्या पोटातून पाहिलं तर ही दोन गावं एकमेकांपासून ११२.७ अंशांवर आहेत. एका अंशाला साठ नॉटिकल मैल, म्हणून ६,७६२ नॉटिकल मैल. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. गुणून टाका, साडेबारा हजाराच्या थोडं वर येतं. वेगवेगळ्या साइटवर आकडा दहा-वीस किलोमीटरनं इकडेतिकडे दिसतो, कारण पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. कुणी चपटेपणा धरतं, कुणी नाही. तुम्हाला त्यानं काही फरक पडत नाही.

हे एक्सेलमध्ये करणार असाल तर दोन खड्डे सांगून ठेवतो. एक, एक्सेलला कोन अंशात चालत नाही, रेडियनमध्ये द्यावा लागतो. दोन, पश्चिम रेखांश उणे लिहायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ते उणेचिन्ह विसरलो आणि न्यूयॉर्क मुंबईहून २,४०० किलोमीटरवर निघालं. साहेबांनी नकाशा पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, ‘जरा बोट ठेवून दाखव.’ बोट किर्गिझस्तानात पडलं. आणि हो, नकाशांवर १९ अंश ५ मिनिटं असं लिहिलेलं असतं. ते १९.०५ नव्हे, १९.०८. मिनिटं साठाची असतात.

हे अंतर पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सगळ्यांत जवळच्या वाटेचं आहे. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी आडवी दिसते. दोरा तसा जातच नाही. तो मुंबईहून वायव्येलाही नाही, उत्तरेच्या जवळ झुकून निघतो. सौराष्ट्र, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या अगदी जवळून, मग फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वेचं ट्रॉन्डहाइम, फेरो बेटं आणि आइसलंड यांच्या मधून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून लॅब्राडोर आणि खाली न्यूयॉर्क. जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत चढतो. भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेषेनं एकच दिशा धरून गेलात तर १४,२०० किलोमीटर होतात. ही तफावत त्या नकाशाच्या जातीतच आहे. मर्केटर नावाच्या नकाशाकारानं १५६९ मध्ये तो समुद्रावर दिशा धरून जाणाऱ्यांसाठी केला, अंतरं मोजण्यासाठी नव्हे.

पण दोरा पृथ्वीगोलावर चालतो. आकाशात सरहद्दी आहेत, आणि इथे माझ्या धंद्यातली खरी डोकेदुखी सुरू होते. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २४ एप्रिल २०२५ ला त्यांनी ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. जून २०२५ मध्ये इराणवरून जाणंही काही दिवस बंद पडलं होतं. म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये, एका कंपनीचं विमान एका वाटेनं जातं आणि दुसरीचं दुसऱ्या. कुणाचं अंतर ‘खरं’ म्हणायचं? तुमच्या आई-बाबांच्या दिवशी कुठली दारं उघडी असतील ते त्या दिवशीच्या नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनांमध्ये असतं. विमान सुटायच्या काही तास आधी आमची माणसं ते वाचून वाट ठरवतात.

आता हे ऐकून वळसा फार मोठा असेल असं वाटतं. मोजून बघू. समजा पाकिस्तान पूर्ण टाळून मुंबई ते मस्कत, तिथून इस्तंबूल, तिथून न्यूयॉर्क अशा तीन टाचण्या टोचल्या. मुंबई–मस्कत १,५९०, मस्कत–इस्तंबूल ३,३७०, इस्तंबूल–न्यूयॉर्क ८,०३० किलोमीटर. एकूण जेमतेम तेरा हजार. म्हणजे मॉस्कोवरची वाट सोडून सतराशे-अठराशे किलोमीटर दक्षिणेला तुर्कस्तानापर्यंत खाली आलो तरी वाढ साडेचारशे किलोमीटरची, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. अर्धा तास. लांबच्या वाटेला मध्येच पोट आलं तरी एकूण लांबी फार वाढत नाही, हे पृथ्वीगोलावर दोरा सैल सोडून बघितलंत की पटेल.

दिल्लीची गोष्ट वेगळी. दिल्ली–न्यूयॉर्क सरळ अंतर ११,७५५ किलोमीटर, मुंबईपेक्षा पावणेआठशेनं कमी. पण दिल्लीच्या दारातच पाकिस्तान. ते बंद असलं की आधी अहमदाबादेकडे खाली यायचं, मग मस्कत, मग इस्तंबूल. बेरीज करा, १३,६०० च्या पुढे जाते. जवळचं गाव मुंबईहून सहाशे किलोमीटर लांब होऊन बसतं. वळसा निघाल्या-निघाल्याच घ्यावा लागला की तो महागात पडतो. तुमची आत्या दिल्लीहून जायला सांगत होती असं तुम्ही लिहिलंय. तिकिटाचे पैसे वाचत असतील तर जरूर बघा, पण ‘दिल्लीहून जवळ पडतं’ या कारणासाठी नको.

वाट कुठलीही असो, विमान तिच्यावर दोऱ्यासारखं चालत नाही. धावपट्टी ज्या दिशेची, त्या दिशेला उडायचं, मग वळायचं, ठरलेल्या बिंदूंवरून जायचं, उतरताना रांगेत लागायचं. मी डोक्यातल्या हिशेबाला सरळ अंतरावर चार टक्के धरतो. तुमच्यासाठी १३,०३० किलोमीटर.

आता वेग. ताशी ९०० हा विमानाचा हवेतला वेग आहे. लांब पल्ल्याची मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पटीनं जातात. पस्तीस हजार फुटांवरच्या थंडीत तेवढे ताशी ९०० किलोमीटर होतात. पण ती हवाच सरकत असते ना! नदीत होडी वल्हवताना काठावरचा माणूस जो वेग मोजेल, तो होडी अधिक पाणी किंवा होडी वजा पाणी. आपल्या वाटेवर वरची हवा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ती जोरात असते, ताशी दोनशे किलोमीटर तर सहज, कधी त्याहून कितीतरी जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं, ते या हवेच्या पाठीवर बसून. (हा वरचा वारा १९२० च्या दशकात फुगे सोडून पहिल्यांदा नीट मोजला वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानं. जगानं वाचावं म्हणून त्यानं अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, आणि त्यामुळेच कुणी वाचला नाही.)

सगळ्या वाटेभर वारा सारखा नसतो, आणि तो थेट तोंडावरही नसतो. म्हणून वाटेची सरासरी काढतो. माझ्या अनुभवात या मार्गावर हिवाळ्यात जाताना वारा ताशी पन्नास-साठ किलोमीटर खातो, येताना जवळजवळ तेवढेच देतो. एखाद्या दिवशी दुप्पट. याच कारणानं आम्ही सगळ्यांत जवळची वाट निवडत नाही, सगळ्यांत कमी वेळाची निवडतो. दोनशे किलोमीटर जास्त गेलं तरी चालेल, पण तोंडावरचा वारा टळला पाहिजे. अटलांटिकवर तर वाऱ्याप्रमाणे समांतर वाटा रोज नव्यानं आखतात. पश्चिमेला जाणाऱ्या ब्रिटनच्या बाजूनं ठरतात, पूर्वेला येणाऱ्या कॅनडातल्या गँडरहून.

शेवटचं, तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान गेटवरून मागे ढकलतात तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची ती वेळ. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकाच पट्टीवर सगळी गर्दी. केनेडीला उतरल्यावर गेटपर्यंत जाणं हा स्वतंत्र प्रवास आहे. दोन्हीकडचं चालणं आणि थांबणं मिळून चाळीस मिनिटं धरा. छोट्या प्रवासात हेच सगळ्यांत जास्त बोचतं. मुंबई–गोवा सव्वाचारशे किलोमीटर, ९०० नं भागलं तर अठ्ठावीस मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तास असतो.

तर आता तुमचं गणित पुन्हा मांडू. १३,०३० किलोमीटर. जाताना वारा धरून वेग ८५०, म्हणजे पंधरा तास वीस मिनिटं, अधिक चाळीस: सोळा तास. तिकिटाशी बरोबर जुळलं. येताना वेग ९६०, म्हणजे साडेतेरा तासांच्या थोडं वर, अधिक चाळीस: सव्वाचौदा. तिकीट चौदा म्हणतंय. पंधरा मिनिटं चुकलो, आणि एप्रिलच्या वाऱ्यासाठी एवढं चुकणं मला चालतं. कंपन्याही हा आकडा मागच्या हंगामांतल्या सरासरीवरून ठरवतात, त्यात थोडी सवड ठेवतात. म्हणून आई-बाबांचं विमान वीस मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचलं तर चमत्कार मानू नका. आणि वाऱ्यामुळे किंवा वळशामुळे इंधन पुरणार नसेल तर मध्ये युरोपात कुठेतरी इंधनासाठी थांबवतात. २०२५ मध्ये आकाश बंद झाल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नाला थांबत होती. असं झालं तर घोषणा होईल, दोघांना खाली उतरावं लागेलच असं नाही. एवढं बाबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे खिडकीतून भलतंच गाव दिसलं तर घाबरणार नाहीत.

मला या सगळ्यापेक्षा तुमच्या एका वाक्याची जास्त काळजी वाटली. तुम्ही लिहिलंय, ‘१६ ला रात्री निघायचंय, म्हणून १६ ला सकाळी सांगलीहून गाडी सांगितली आहे.’ ताई, तोवर विमान सुटून कित्येक तास झालेले असतील! १६ तारखेचे १:३० म्हणजे १५ तारखेची रात्र. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे आपल्या बोलण्यातली ‘सोळाची रात्र’ ही सोळाचा दिवस मावळल्यावर येते. विमान कंपनीचा दिवस मध्यरात्री बदलतो. सहार विमानतळाच्या गेटवर एक दिवस उशिरा आलेली, बॅगा बांधून हारतुऱ्यांसकट उभी असलेली कुटुंबं मी बघितली आहेत. आजच गाडीवाल्याला फोन करा: १५ तारीख, दुपारी साडेबारा. सांगली–मुंबई आठ तास धरा, पनवेलनंतर अडकलात तरी साडेनऊपर्यंत विमानतळावर असाल. दीडच्या विमानाला तेवढं हवंच.

दारातून दारात म्हणाल तर, सांगलीहून १५ ला १२:३० ला निघाले, न्यूयॉर्कला सातला उतरले, इमिग्रेशन, सामान आणि भावाची गाडी धरून साडेदहाला एडिसन. घड्याळ सांगेल बावीस तास. त्यात साडेदहा मिळवा: साडेबत्तीस तास. (दोन्ही टोकं जानेवारीतली आहेत म्हणून इथे तोंडी बेरीज चालते.) यातले सलग खुर्चीतले सोळा. आईचे गुडघे दुखतात म्हणालात, तर कडेची सीट घ्या आणि व्हीलचेअर आताच सांगून ठेवा.

गोळ्यांचं मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण त्यांच्याकडे जाताना ‘अमेरिकेला जाणार आहेत’ एवढंच मोघम सांगू नका. एका कागदावर तीन आकडे लिहून न्या: घरातून घरात साडेबत्तीस तास, विमानात सोळा तास, आणि पोहोचल्यावर घड्याळ साडेदहा तास मागे. परतीच्या कागदावर चौदा तास आणि साडेनऊ तास पुढे. बाबांच्या हातातलं घड्याळ एडिसनला पोहोचेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या. गोळी कधी घेतली होती ते त्यावरून कळेल. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत नको.